शैलचित्रांचे श्रेय ज्यांचे त्यांना द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि झिम्बाब्वे या देशांतील शैलचित्रे व प्राचीन वस्त्यांचे अवशेष यांविषयी एक प्रवासलेख नुकताच प्रसिद्ध झाला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला पानभर जागा मिळणे ही विरळा गोष्ट आहे आणि दक्षिण आफ्रिकेतील ड्राकेन्सबर्ग या डोंगररांगेच्या कड्यांचे लेखकाने केलेले वर्णनही वाचनीय आहे, हे आधी नमूद करतो. तथापि लेखातील काही विधाने तशीच राहू देणे योग्य वाटत नाही. ही चित्रे ‘तीस हजार वर्षांपूर्वीच्या कोणा अज्ञात आदिमानवाने’ काढली, असे लेखक एके ठिकाणी म्हणतात. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमालांगा प्रांतातील दगडी वर्तुळांबद्दल लिहिताना ती प्राचीन भारतीय सोनेव्यापाऱ्यांनी उभारली असावीत, असे ‘काही संशोधकांचे मत’ ते कोणतीही शंका न घेता देतात. शेवटच्या चौकटीत पर्यटकांना त्यांनी एक सल्लाही दिला आहे. त्याविषयी पत्राच्या अखेरीस लिहितो. वरवर पाहता पहिल्या दोन विधानांचा एकमेकांशी संबंध नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच खोड आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात जे काही मोलाचे आढळते, ते तिथल्या माणसांखेरीज अन्य कोणाच्या तरी खात्यावर जमा करायचे, ही ती खोड. ती निदान दीडशे वर्षे जुनी आहे आणि तिने त्या प्रदेशाच्या इतिहासाचे फार नुकसान केले आहे.

प्रथम काळाविषयी. तीस हजार वर्षे हा आकडा कोठून आला असावा, हे ओळखणे कठीण नाही. नामिबियाच्या दक्षिणेकडील हुन्स पर्वतात वोल्फगांग एरिख वेंट हे जर्मन पुरातत्त्वज्ञ १९६९ साली उत्खनन करीत असताना माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी आली आणि त्या गुहेला अपोलो ११ हेच नाव पडले. तेथे तळहातावर मावतील एवढ्या दगडी पाट्यांचे तुकडे मिळाले, त्यांवर प्राण्यांच्या आकृती रंगवलेल्या होत्या आणि ज्या थरात ते होते त्याचे वय तीस हजार वर्षांच्या आसपास भरते. पण हे सुटे दगड मातीखाली गाडले गेले म्हणून टिकले. उघड्या शैलाश्रयाच्या, म्हणजे खडकाखालच्या नैसर्गिक निवाऱ्याच्या, भिंतीवरचा रंग ऊन-पाण्याने आणि खडकाचे पापुद्रे सुटल्याने एवढा काळ तग धरत नाही. रंगद्रव्यातील कार्बनचे थेट कालमापन करून २०१७ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत आग्नेय बोत्स्वानातील काही चित्रे साडेपाच हजार वर्षांहून थोडी जुनी निघाली. आफ्रिकेच्या या भागातील भिंतीवरच्या चित्रांसाठी हे वय मोठेच म्हणायला हवे. उलट ड्राकेन्सबर्गमध्ये घोड्यावर बसलेले, खांद्याला बंदुका लावलेले स्वारही रंगवलेले आहेत, आणि ते एकोणिसाव्या शतकातले आहेत हे समजायला प्रयोगशाळेची गरज लागत नाही. म्हणजे ‘तीस हजार वर्षांपूर्वी’ असे सरसकट म्हटल्याने ही कला जुनी ठरते खरी, पण ती अगदी काल-परवापर्यंत जिवंत होती ही अधिक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते.

जुनेपणाचीच हौस असेल तर त्याहून कितीतरी मागे जाता येते. दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रकिनाऱ्यावरील ब्लोम्बोस गुहेत क्रिस्टोफर हेन्शिलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीचे गेरूचे तुकडे सापडले, त्यांवर आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे. त्याच गुहेत एक लाख वर्षांपूर्वी गेरू कुटून, त्यात कोळसा आणि हाडातली चरबी मिसळून तो शिंपल्यांत कालवला गेला होता, त्या शिंपल्याही मिळाल्या. पश्चिमेकडील डिपक्लूफ येथे शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांवर नक्षी कोरलेली आढळते. त्यांपैकी काही कवचांना पाणी भरून ठेवण्यासाठी पाडलेली भोकेही आहेत आणि त्यांचे वय साठ हजार वर्षांच्या घरात जाते. डिपक्लूफ, पिनॅकल पॉइंट आणि सिबुडू ही तीन ठिकाणे २०२४ च्या जुलैमध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. तो निर्णय ज्या बैठकीत झाला ती नवी दिल्लीत भरली होती, तरी आपल्याकडील बहुतेक वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली नाही. मात्र या रेघा आणि जाळ्या कोणी काढल्या, त्यांची भाषा कोणती, त्यांचा अर्थ काय, हे सांगणारा दुवा आज उरलेला नाही. ‘अज्ञात’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो येथे वापरावा. ड्राकेन्सबर्गच्या चित्रांना तो लागू पडत नाही.

ड्राकेन्सबर्गची चित्रे सान लोकांची, म्हणजे त्या प्रदेशातील मूळच्या शिकारी समाजांची, आहेत. क्वाझुलू-नाताळमधील या डोंगररांगेत सहाशेच्या आसपास ठिकाणी मिळून पस्तीस हजारांहून अधिक आकृत्यांची नोंद झाली आहे. २००० साली तो प्रदेश जागतिक वारसा ठरला आणि २०१३ मध्ये लेसोथोतील सेहलाबाथेबे राष्ट्रीय उद्यान त्याला जोडले गेले. ही चित्रे काढणाऱ्या समाजातल्या माणसांनी स्वतः त्यांच्याविषयी जे सांगितले, ते लिहून ठेवलेले आहे. जगातल्या फार थोड्या शैलचित्रांच्या बाबतीत असे भाग्य अभ्यासकांच्या वाट्याला आले आहे. १८७३ च्या अखेरीस जोसेफ ऑर्पेन हे ब्रिटिश अधिकारी लेसोथोतील मालोटी पर्वतातून जात असताना त्यांना क्विंग नावाचा तरुण सान शिकारी वाटाड्या म्हणून मिळाला. गोरा माणूस त्याने तोवर केवळ लढाईतच पाहिला होता. शेकोटीपाशी विसावलेले असताना ऑर्पेन यांनी त्याला वाटेत पाहिलेल्या चित्रांचे अर्थ विचारले आणि त्याने जे सांगितले ते दुसऱ्याच वर्षी केपटाउनच्या एका मासिकात छापून आले. ऱ्हीबॉक जातीच्या हरणाचे डोके असलेली माणसे कोण, यावर क्विंगचे उत्तर असे की, ती मेलेली माणसे असून आता नद्यांमध्ये राहतात, आणि ज्या नृत्यांची चित्रे तुम्ही पाहिलीत त्या नृत्यांनी, ईलंडांबरोबर एकाच वेळी, ती बिघडली. (ईलंड म्हणजे आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या जातीचे हरीण.) सृष्टीचा कर्ता काग्गेन कोठे असतो, असे विचारल्यावर तो म्हणाला की, आम्हांला ठाऊक नाही, पण ईलंडांना ठाऊक आहे. तो हाक मारतो तेव्हा ईलंडांचे कळप दचकून त्याच्याकडे धावत सुटतात, हे तुम्ही शिकारीला गेल्यावर पाहिले नाही का? इतके नेमके आणि इतके काव्यमय उत्तर देणाऱ्या माणसाच्या समाजाला आपण ‘अज्ञात आदिमानव’ म्हणून मोकळे व्हावे, हे मला पटत नाही.

त्याच सुमारास केपटाउनमध्ये विल्हेल्म ब्लीक हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ आणि त्यांची मेहुणी ल्युसी लॉइड यांनी सान लोकांच्या एका भाषेची नोंद करण्याचे काम हाती घेतले होते. त्यांना ती भाषा शिकवणारे होते ते कैदी. गुरे-मेंढ्यांच्या चोरीसारख्या आरोपांवरून सक्तमजुरीची शिक्षा झालेले हे लोक ब्लीक यांच्या घरी राहण्यास आले आणि त्यांनी आपल्या कथा, आठवणी, पावसाविषयीच्या समजुती, शिकारीचे रिवाज असे सारे सांगितले. काब्बो हा त्यांतला सर्वांत ख्यातनाम कथनकार. दियाक्वाइन हा दुसरा. (या नावांतले जिभेने काढायचे चटकाऱ्यांचे ध्वनी देवनागरीत उतरवता येत नाहीत, हे वाचकांनी समजून घ्यावे.) ब्लीक १८७५ साली वारले; लॉइड यांनी काम पुढे चालू ठेवले आणि सुमारे बारा हजार पानांच्या वह्या तयार झाल्या. आज तो संग्रह युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदणीत आहे. ती भाषा बोलणारे मात्र कोणी उरले नाही. दक्षिण आफ्रिकेने २००० साली जे नवे राजचिन्ह स्वीकारले त्यावरील ब्रीदवाक्य याच मृत भाषेत आहे आणि त्याच्या ढालीवरील दोन मानवी आकृती लिंटन येथील शैलचित्रावरून घेतल्या आहेत. ते चित्र पहिल्या महायुद्धाच्या काळात ईस्टर्न केपमधल्या खडकातून कापून काढून केपटाउनच्या संग्रहालयात आणले गेले होते.

चित्रांचा अर्थ या नोंदींच्या आधारे लावण्याचे मोठे श्रेय दक्षिण आफ्रिकी पुरातत्त्वज्ञ डेव्हिड लुईस-विल्यम्स यांच्याकडे जाते. त्यांचे प्रतिपादन समजून घेण्यासाठी ड्राकेन्सबर्गमधील कामबर्ग येथील गेम पास या शैलाश्रयातले एकच चित्र पुरेसे आहे. त्यात एक मरणासन्न ईलंड आहे. त्याची मान खाली लोंबली आहे, मानेवरचे केस ताठ उभे आहेत आणि मागचे पाय एकमेकांवर चढून अडखळले आहेत. विषारी बाण लागलेले जनावर असेच मरते. आता त्याच्या मागे पाहावे. एका माणसाने त्याची शेपटी धरली आहे, त्याचेही पाय तसेच एकमेकांवर चढलेले आहेत आणि पायांच्या जागी खूर आहेत. लुईस-विल्यम्स यांच्या मते येथे मरणारे जनावर आणि नृत्याच्या आवेगात भान हरपून ‘मरणारा’ वैद्य यांना एका पंक्तीत बसवले आहे. कलाहारी वाळवंटातील सान लोकांच्या औषधी नृत्यात वैद्यांना अशी अवस्था येते, ते थरथरतात, घामाघूम होतात, कोसळतात, हे विसाव्या शतकातही पाहिले गेले आहे, आणि जुन्या नोंदींत त्यांच्या नाकातून रक्त येत असल्याचे उल्लेख आहेत. चित्रांतही नाकातून रक्त ओघळणारी माणसे दिसतात. प्रत्येक चित्राला हीच किल्ली लावावी काय, याबद्दल अभ्यासकांत कडाक्याचे मतभेद आहेत. अॅन सॉलोमन यांनी पितर आणि पुराणकथा यांवर अधिक भर दिला आहे, आणि क्विंगचे ‘मेलेली माणसे’ हे शब्द अक्षरशः घ्यावेत की भान हरपण्याचे रूपक म्हणून, या मुद्द्यावर तर शाब्दिक चकमकी झडल्या आहेत. मला व्यक्तिशः सॉलोमन यांचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा वाटत नाही. पण दोन्ही पक्ष ज्यावर वाद घालतात तो पुरावा सान माणसांच्या तोंडचा आहे, एवढे तरी ध्यानात यावे.

ही परंपरा आपोआप विझली नाही. केप वसाहतीच्या सशस्त्र तुकड्यांनी अठराव्या शतकात सान लोकांची शिकार केली आणि पुढच्या शतकात ती मोहीम डोंगरांपर्यंत पोहोचली. जॉर्ज स्टो या भूशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवले आहे की, विटेबर्ग भागात गोळी घालून मारलेल्या एका सान माणसाच्या कमरपट्ट्याला शिंगांच्या दहा लहान कुप्या अडकवलेल्या होत्या आणि प्रत्येकीत निराळा रंग होता. चित्रकारांविषयी आपल्याला काहीच माहीत नाही असे म्हणण्यापूर्वी हा तपशील आठवावा. आणखी एक माणूस आहे. लेसोथोतील मापोटे हा फुथी राजघराण्यातला वृद्ध तरुणपणी आपल्या सान सावत्र भावांबरोबर चित्रे काढायला शिकला होता. १९३० च्या दशकात मेरियन वॉल्शॅम हाऊ यांच्या विनंतीवरून त्याने पुन्हा एकदा रंग तयार केले. लाल रंगासाठी त्याला ईलंडचे ताजे रक्त हवे होते. ते मिळण्यासारखे नव्हते म्हणून बैलाच्या रक्तावर भागवावे लागले. रक्त ताजे नसेल तर ते गोठते आणि रंगात मिसळत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मग त्याने काहीही न चाचरता दगडावर ईलंडच रंगवला.

शिवाय या प्रदेशातली सारी शैलचित्रे सानांची नाहीत, आणि येथे तर ‘आदिमानव’ हा शब्द अगदीच हास्यास्पद होतो. लिम्पोपो प्रांतातील माकगाबेंग पठारावर उत्तर सोथो भाषकांनी बोटांनी पांढऱ्या रंगात काढलेली चित्रे आहेत, त्यांत आगगाडी आहे आणि १८९४ साली बोअर प्रजासत्ताकाने हनन्वा लोकांवर केलेल्या स्वारीतली माणसेही आहेत. मलावीतील चोंगोनी टेकड्यांत चेवा स्त्रियांनी मुलींच्या वयात येण्याच्या विधींसाठी पांढऱ्या मातीने चित्रे काढली, आणि ती प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. नामिबियातील ट्वायफेलफोंटेनला रंगाऐवजी कोरीव काम आहे. तेथील सिंहाच्या पंजांना पाच-पाच बोटे आहेत आणि शेपटीच्या टोकालाही पंजा आहे, म्हणजे तो सिंह निव्वळ सिंह नाही. बोत्स्वानातील त्सोडिलो टेकड्यांत दहा चौरस किलोमीटरच्या परिसरात साडेचार हजारांहून अधिक चित्रे असून त्यांच्याच अंगाला इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धातील शेतकरी व पशुपालकांची गावे उत्खननात मिळाली आहेत. हंबुकुशू आणि सान लोक आजही त्या टेकड्यांना पवित्र मानतात.

आता दुसऱ्या विधानाकडे येतो. परक्यांना श्रेय देण्याचा खेळ कसा चालतो, याचा नमुना नामिबियातील ब्रांडबर्ग पर्वतातील ‘व्हाइट लेडी’ या चित्रात पाहायला मिळतो. राइनहार्ड माक या जर्मन सर्वेक्षकाला पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते सापडले. आबे ब्रुइल या फ्रेंच पंडिताचा युरोपातील गुहाचित्रांच्या अभ्यासात मोठा दबदबा होता. त्यांनी ही आकृती भूमध्य समुद्राकडून, बहुधा क्रीटकडून आलेल्या गोऱ्या स्त्रीची आहे असे जाहीर केले आणि तेच नाव चिकटले. प्रत्यक्षात ती सुमारे चाळीस सेंटिमीटर उंचीची आकृती धनुष्य घेतलेल्या पुरुषाची आहे आणि अंगाला लावलेला पांढरा रंग त्या भागातील इतर अनेक चित्रांतही दिसतो. पुढे हाराल्ड पागेर यांनी १९७७ पासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ब्रांडबर्गमधली चाळीस हजारांहून अधिक चित्रे एकेक करून उतरवून घेतली. त्यांच्या पार्श्वभूमीवर ही ‘बाई’ बघितली की तिच्यात परके काहीच उरत नाही.

झिम्बाब्वेचे प्रकरण अधिक गंभीर आहे. ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या दगडी नगराच्या मोठ्या आवाराची भिंत चुना-माती न वापरता ग्रॅनाइटचे चिरे रचून बांधलेली असून ती काही ठिकाणी अकरा मीटर उंच आहे. कार्ल माउख हा जर्मन प्रवासी १८७१ साली तेथे पोहोचला. दरवाजाच्या वरच्या तुळईची एक चिपाट त्याने काढून घेतली, तिचा रंग व वास आपल्या पेन्सिलीच्या लाकडासारखा आहे असे त्याला वाटले, त्यावरून ते लेबनॉनचे देवदार लाकूड ठरले आणि मग ही वास्तू बायबलमधील शेबाच्या राणीची असल्याचे त्याने सांगून टाकले. यानंतर रिचर्ड हॉल यांनी १९०२ ते १९०४ या काळात ‘साफसफाई’च्या नावाखाली आफ्रिकी वस्तीचे थरच्या थर खणून फेकले, जो पुरावा त्यांना नको होता तोच नेमका त्या थरांत होता. डेव्हिड रँडल-मॅकायव्हर यांनी १९०५ साली आणि गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ साली केलेल्या उत्खननांतून ही वास्तू मध्ययुगीन आणि पूर्णपणे आफ्रिकी असल्याचे स्पष्ट झाले. तरीही ऱ्होडेशियाच्या (हे झिम्बाब्वेचे तेव्हाचे नाव) गोऱ्या राजवटीला ते मान्य नव्हते. माहितीपुस्तकांत निःसंदिग्ध काही लिहू नये यासाठी दबाव आला आणि पीटर गार्लेक यांना १९७० साली स्मारकांच्या वरिष्ठ निरीक्षकाचे पद सोडून जावे लागले. आज पुरातत्त्वज्ञांमध्ये या प्रश्नावर वाद नाही: शोना भाषकांच्या पूर्वजांनी अकराव्या ते पंधराव्या शतकांच्या दरम्यान हे नगर वसवले. १९८० साली स्वतंत्र झालेल्या देशाने त्याचेच नाव घेतले आणि तेथील साबणदगडाचा पक्षी ध्वजावर आणला.

लेखात ज्या म्पुमालांगामधील वर्तुळांचा उल्लेख आहे, ती बोकोनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शेतकरी समाजाची वस्ती आहे. ओहरिगश्टाटपासून कॅरोलिनापर्यंत डोंगरकडेने सुमारे दीडशे किलोमीटर तिचे अवशेष पसरलेले आहेत आणि त्यांचा काळ साधारण १५०० ते १८२० असा आहे. मधले वर्तुळ हा गुरांचा गोठा, त्याभोवतीचे कडे म्हणजे घरे, दोन्ही बाजूंनी दगडी बांध घातलेल्या लांबच लांब वाटा गुरांना पिकात न शिरू देता बाहेर नेण्यासाठी, आणि उतारावरच्या पायऱ्या शेतीसाठी. यात गूढ काही नाही. लायडेनबर्गजवळ बूमप्लाट्स येथे खडकांवर अशाच वस्त्यांचे आराखडे कोरलेले आहेत, म्हणजे राहणाऱ्यांनी आपल्या घरांचे नकाशेसुद्धा मागे ठेवले. तरीदेखील याच वर्तुळांना दोन लाख वर्षांपूर्वीच्या परग्रहवासीयांची सोन्याची वसाहत ठरवणाऱ्या चित्रफिती मोबाइलवरून फिरत असतात. भारतीय सोनेशोधक आणि त्यांची मंदिरे हा सिद्धान्त त्याच जातीचा आहे. १९८१ साली तो पुस्तकरूपाने मांडला गेला, परंतु उत्खननात त्याला आधार मिळालेला नाही: भारतीय धाटणीची भांडी नाहीत, लेख नाहीत, मूर्ती नाहीत, आहे ते सारे स्थानिक खापर, गुरांचे शेण आणि दळणाचे दगड. आपल्या पूर्वजांचे नाव जोडले गेल्यामुळे आपल्याला तो गोड वाटतो. माउखलाही शेबाची राणी अशीच गोड वाटली होती.

भारताचा आणि त्या प्रदेशाचा खरा संबंध याहून रंजक आहे, आणि त्यासाठी कोणाचे काही हिरावून घ्यावे लागत नाही. लिम्पोपो आणि शाशे या नद्यांच्या संगमावर मापुंगुब्वे ही टेकडी आहे. तेराव्या शतकात ती एका राज्याची राजधानी होती. तेथील राजघराण्याच्या दफनांत सोन्याचा एक गेंडा मिळाला. लाकडी गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा बारीक खिळ्यांनी ठोकून तो घडवला होता. लाकूड कुजून गेले, पत्रा राहिला. त्या सोन्याबरोबर काचेचे हजारो मणी सापडले. ते समुद्रमार्गे आले होते. आजच्या मोझांबिकमधील सोफालासारख्या बंदरांत हस्तिदंत आणि सोने देऊन मणी आणि कापड घेण्याचा व्यवहार शतकानुशतके चालला आणि त्यांतले बरेच मणी दक्षिण आशियातील काचेचे असल्याचे रासायनिक विश्लेषणातून दिसले आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या मण्यांपैकी काहींची काच कोकणातील चौल येथे मिळालेल्या मण्यांच्या काचेशी जुळते. म्हणजे आपल्याकडून मणी गेले आणि ते पारखून घेणारे, सोने काढणारे, आणि आलेले मणी वितळवून त्यांतून स्वतःच्या पसंतीचे मोठे मणी ओतणारे गिऱ्हाईक तिकडे होते. लेखकाला भारतीय धागा हवा होता तर तो येथे होता. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात गोरे लोक आले तेव्हा ही भूमी जवळजवळ रिकामी होती असे शाळांत शिकवले जात असे. मापुंगुब्वेचे उत्खनन १९३३ पासूनच सुरू झालेले असूनही त्याविषयी सामान्य जनतेला फारसे कळू दिले गेले नाही. आता देशाचा सर्वोच्च सन्मान त्या टेकडीच्या नावाने दिला जातो.

राहता राहिली ती शेवटची चौकट. ‘चित्रे फिकट दिसत असतील तर त्यांवर थोडे पाणी शिंपडावे, रंग खुलतात व छायाचित्र चांगले येते’ असा सल्ला आपण छापला आहे. रंग क्षणभर खुलतात हे खरे आहे आणि घात तिथेच होतो. पाणी खडकात मुरते, आतले क्षार विरघळवते आणि वाळताना त्यांना पृष्ठभागावर आणून सोडते; क्षारांचे स्फटिक रंगाच्या थराखाली वाढले की रंग पापुद्र्यासकट सुटतो आणि वर वाढले तर पांढुरकी साय कायमची धरते. ‘व्हाइट लेडी’ आज इतकी फिकी दिसते त्याला पर्यटकांनी तिच्यावर वर्षानुवर्षे ओतलेले पाणी आणि इतर पेये कारणीभूत आहेत. सद्हेतूनेही असेच घडते: झिम्बाब्वेतील मातोबो टेकड्यांमधील पोमोंग्वे गुहेत १९२० च्या दशकात चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर तेलकट द्रव्य फासण्यात आले आणि तेथे आता तपकिरी डाग उरले आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या १९९९ च्या राष्ट्रीय वारसा कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने कोणतेही शैलचित्र, त्याच्या भोवतालच्या दहा मीटर परिसरासह, संरक्षित आहे आणि त्याला इजा पोहोचवणे गुन्हा आहे. आपला सल्ला मानणारा वाचक तेथे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. फिकट चित्र स्पष्ट पाहायचे असेल तर साधे छायाचित्र घेऊन त्यावर ‘डी-स्ट्रेच’सारखी संगणकीय प्रक्रिया करता येते, डोळ्यांना न दिसणारे लाल-पिवळे रंग त्यात उठून दिसतात आणि अभ्यासकही तीच पद्धत वापरतात. चित्राला हात लावू नये, पाठपिशवी भिंतीला घासू देऊ नये, शैलाश्रयात पाय आपटून धूळ उडवू नये, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये, एवढे पथ्य पुरे आहे. कामबर्ग आणि त्सोडिलो येथे असे वाटाडे मिळतात.

छापील अंकाला आता इलाज नाही, परंतु लेख आपल्या संकेतस्थळावर अजून तसाच आहे. पाणी शिंपडण्याची ओळ तेथून आजच काढावी, आणि चित्रकार व बांधकाम करणारे यांविषयीच्या दोन विधानांचा खुलासा येत्या रविवारी त्याच पुरवणीत करावा, ही विनंती. त्या प्रदेशात जून ते ऑगस्ट हे कोरडे महिने डोंगरवाटांना सोयीचे असतात, त्यामुळे सहलींची आखणी करणारे वाचक आपला लेख सध्या जपून ठेवत असणार.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक